मुंबई हायचा दगड आमच्या प्रयोगशाळेत येऊ द्या

मा. महासंचालक, हायड्रोकार्बन महासंचालनालय, नोएडा
आणि
मा. सचिव, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली
यांस,

स. न. वि. वि.

माझ्या टेबलावर एक दगड आहे. दीड इंच व्यासाचा, बोटाएवढा लांब, मळकट पिवळसर. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आठवण म्हणून वाटलेल्या तुकड्यांपैकी हा एक. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला आणि खाली ‘मुंबई हाय’ एवढीच पट्टी. भिंगाखाली धरला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, एके ठिकाणी शिंपल्याची कड ओळखू येते. मुठीत थोडा वेळ धरून नाकाशी नेला तर अजून तेलाचा वास येतो.

मी पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकवते. या वर्षी एकोणीस वर्षं होतील. दर जुलैत दुसऱ्या वर्षाची नवी मुलं आली की पहिल्या तासाला हा दगड वर्गात फिरवते. ‘मॅडम, तेल याच्या आत असतं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. जमिनीखाली तेलाचं तळं असतं अशीच बहुतेकांची समजूत असते. दगड हातात घेतल्यावर ती समजूत आपोआप गळून पडते, मला फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

पण या दगडाचा उपयोग तिथेच संपतो. तो कुठल्या विहिरीचा, किती खोलीवरचा, कुठल्या थराचा, यातलं काहीच मला ठाऊक नाही. त्याच्यावर प्रयोग केला तरी त्या आकड्याला अर्थ नाही. आणि सांगायला वाईट वाटतं, पण मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर असलेल्या देशातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्राचा आमच्या प्रयोगशाळेतला हा एकमेव दगड आहे.

हे पत्र मी त्या एका गोष्टीसाठी लिहिते आहे. आम्हाला दगड हवे आहेत. खरे, नोंद असलेले, आपल्याच विहिरींतून निघालेले.

महाराष्ट्राच्या जमिनीवर तेल नाही. पुण्यात कुठेही पहार मारा, खाली काळा पाषाणच लागणार. आमच्या राज्याशी जोडलेलं तेल आहे ते समुद्रात, सागर सम्राट या रिगने १९७४ साली शोधून काढलेल्या मुंबई हायमध्ये. मे १९७६ मध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं आणि १९८० च्या दशकात ते दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर गेलं. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. देशाचा हिशोबही त्याच वाटेने गेला. २०११-१२ साली आपण ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल काढत होतो, आता ते २ कोटी ९० लाख टनांच्या आसपास आलं आहे. लागणाऱ्या तेलातले शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग आपण बाहेरून आणतो.

हे आकडे आपल्याला माझ्याहून चांगले माहीत आहेत. मला बोलायचं आहे ते मागे राहिलेल्या तेलाबद्दल. जगभरचा अनुभव असा की सापडलेल्या तेलापैकी सरासरी एक-तृतीयांशच वर येतं. बाकीचं दगडाच्या छिद्रांमध्ये अडकून राहतं. विहीर खणलेली, पाइपलाइन टाकलेली, प्लॅटफॉर्म उभा, आणि दोन-तृतीयांश तेल खालीच. ते का अडकतं आणि कशाने सुटतं हा प्रश्न समुद्रात उभं राहून सुटत नाही. तो टेबलावर, तीन इंचांच्या दगडात सोडवावा लागतो.

आमच्या प्रयोगशाळेत नेमकं काय चालतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण मागणी कशासाठी आहे ते त्यातूनच कळेल.

विहीर खणताना थरातून दंडगोलासारखा सलग दगड कापून वर आणतात, तो कोअर. त्यातून हिऱ्याच्या कटरने आडवी लहान कांडी कापतात, तिला आम्ही प्लग म्हणतो. दीड इंच व्यास, तीन इंच लांबी. आधी टोल्युइन आणि मिथेनॉलमध्ये तो धुवायचा. सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात लावला की द्रव उकळून, थंड होऊन, दगडातून झिरपून पुन्हा खाली येतो. असं दिवसेंदिवस, खाली येणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत. मग ओव्हनमध्ये वाळवायचा, हेलियमने छिद्रांचं आकारमान मोजायचं, निर्वात करून खारं पाणी भरायचं. पुढे रबरी नळीत घालून पोलादी कोअर होल्डरमध्ये बसवायचा आणि बाहेरून दाब द्यायचा, म्हणजे दगडाला तो दीड किलोमीटर खालीच असल्यासारखं वाटावं. नंतर एका टोकाने तेल ढकलायचं. पाणी बाहेर येतं, तेल आत बसतं.

आणि मग थांबायचं. या टप्प्याला आमचे विद्यार्थी ‘मुरवणं’ म्हणतात. लोणचं मुरतं तसाच दगड तेलात मुरावा लागतो. गरम ओव्हनमध्ये तीन-चार आठवडे, कधी सहा. लाखो वर्षं तेलाच्या सहवासात राहिलेल्या दगडाचा स्वभाव बदललेला असतो, तो परत आणायचा तर एवढा वेळ द्यावाच लागतो. एका पावसाळ्यात सव्विसाव्या दिवशी वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही, आणि जनरेटरवर ओव्हन जोडलेला नव्हता. तीन प्लग पहिल्यापासून करावे लागले. त्या मुलीचं सबमिशन सहा आठवडे पुढे गेलं. त्यानंतर आमच्या लॅबमधल्या मामांनी स्वतः खटपट करून त्या ओव्हनला वेगळी लाइन ओढून घेतली.

एवढं झालं की मूळ प्रयोग सुरू होतो. दगडात पाणी सोडायचं आणि किती तेल बाहेर येतं ते बघायचं. थरात पाणी दिवसाला साधारण एक फूट सरकतं, त्याच वेगाने इथेही सोडायचं तर मिनिटाला एका मिलिलिटरचा विसावा हिस्सा. छिद्रांच्या आकारमानाएवढं पाणी एकदा जायला पाच-सहा तास लागतात, आणि ते अनेकदा जाऊ द्यावं लागतं. मुलं रात्रभर आळीपाळीने बसतात. तीन इंचांच्या त्या दगडात, छिद्रं २० टक्के धरली, तर सतरा-अठरा मिलिलिटर जागा. त्यात तेल बारा मिलिलिटर. चहाचे अडीच चमचे! पाण्याने त्यातलं पाच-सहा मिलिलिटर बाहेर येतं आणि मग येणं थांबतं. काचेच्या अरुंद नळीत वर तेल, खाली पाणी, मधली रेघ डोळ्याच्या पातळीला आणून वाचायची. एक मिलिलिटर चुकलं की आठ टक्के चूक. नळ्यांमध्ये किती द्रव अडकून राहतो तेही आधी मोजून वजा करायचं असतं.

आता पाणी दाट करणारं पॉलिमर सोडा, साबणासारखं काम करणारं सर्फॅक्टंट सोडा, पाण्यातला क्षार बदला, आणि पुन्हा तीच नळी बघत बसा. पहाटे चार वाजता नळीत तेलाचा नवा थेंब चढला की जी मुलगी आरडाओरडा करत मला फोन करते, ती पुढे आयुष्यभर या विषयातून बाहेर पडत नाही. असे फोन मला आले आहेत.

या सगळ्यात निकाल ठरवतो तो दगड. आम्हाला मिळतो तो परदेशातला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला बेरिया वालुकाश्म जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, कारण तो स्वच्छ आणि एकसारखा आहे. शिकायला उत्तम. डॉलर मोजले की ठरावीक मापाच्या कांड्या डब्यात बसून घरपोच येतात. पण मुंबई हायचा मुख्य तेलथर चुनखडकाचा आहे. वालुकाश्माच्या कणांचा पृष्ठभाग खाऱ्या पाण्यात बहुधा ऋणभारित असतो, चुनखडकाचा बहुधा धनभारित. कच्च्या तेलातली आम्लं चुनखडकाला जाऊन चिकटतात आणि तो दगड पाण्यापेक्षा तेलाला जवळचा होतो. एका दगडात तेल सोडवणारं रसायन दुसऱ्या दगडावर नुसतंच चिकटून वाया जातं. शिवाय चुनखडकात छिद्रं एकसारखी नसतात. इथे भोकं, तिथे भेग, शेजारी अगदी घट्ट भाग. पाणी मोकळ्या वाटेने पळतं आणि घट्ट भागातलं तेल जागच्या जागी राहतं. बेरियावर केलेला प्रयोग यातलं काहीच सांगू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन विद्यार्थ्यांनी एम. टेक.च्या प्रकल्पासाठी चुनखडकाचे दहा प्लग आणि पाच लिटर कच्चं तेल मागितलं. पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं, फोन झाले. अर्ज विचाराधीन आहे हे उत्तर चौदा महिन्यांनी आलं, तोवर मुलं पदवी घेऊन गेलेली. शेवटी त्यांनी बेरियावरच काम केलं. तोंडी परीक्षेला उद्योगातले एक अनुभवी अधिकारी आले होते. काम शांतपणे पाहिलं, आकडे तपासले आणि म्हणाले, ‘मेहनत चांगली आहे. पण आमचा थर चुनखडकाचा, तुमचं काम वालुकाश्मावर. आम्हाला याचा उपयोग नाही.’ त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मुलगा खाली मान घालून उभा होता. दगड दिला नाही म्हणून दुसऱ्या दगडावर काम केलं, आणि दुसऱ्या दगडावर केलं म्हणून ते निरुपयोगी ठरलं. त्या मुलाला काय उत्तर द्यायचं हे मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

तो मुलगा आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगला आहे, सुखात आहे. पण हात फार चांगला होता त्याचा, नळीतली रेघ त्याच्याइतकी अचूक वाचणारा विद्यार्थी मला नंतर मिळालेला नाही.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून खरंच काही निघतं का, अशी शंका काही जण घेतात. मुळात हा विषयच एका लहान प्रयोगातून निघाला. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजलं आणि १८५६ साली नियम मांडला. आज प्रत्येक तेलक्षेत्राचं गणित त्या नियमावर चालतं आणि दगडाची पाझरण्याची क्षमता आपण त्याच्याच नावाने मोजतो. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाचं. तिथे नॉर्मन मॉरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की दगडात सोडलेल्या पाण्यातला क्षार कमी केला तर कित्येकदा जास्त तेल सुटतं. तोवर पाणी म्हणजे नुसतं ढकलणारं, त्यात काय विरघळलंय याला फारसं महत्त्व नाही, असाच समज होता. पुढे या दिशेने कंपन्यांनी स्वतःचं काम केलं, आणि ब्रिटनच्या उत्तरेकडच्या समुद्रात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या क्लेअर रिज प्रकल्पात कमी क्षाराचं पाणी तयार करणारी यंत्रणा थेट प्लॅटफॉर्मवर बसवली गेली.

बीपीचं नाव मुद्दाम घेतलं. मुंबई हायचं उत्पादन सावरण्यासाठी २०२५ साली ओएनजीसीने बीपीला तांत्रिक सेवा देणारी कंपनी म्हणून नेमलं आहे. याचं मी मनापासून स्वागत करते. जगात कुणाकडे चांगला अनुभव असेल तर तो घ्यावाच. माझी विनंती एवढीच की या कामात जो दगड तपासला जाईल, त्याचे उरलेले तुकडे आणि त्यावरचे प्रश्न आपल्या विद्यापीठांपर्यंत पोचावेत. करार संपेल त्या दिवशी मुंबई हायचा चुनखडक हाताळलेली पन्नास माणसं या देशात तयार असायला हवीत, आणि ती घडायची जागा प्रयोगशाळाच आहे.

नॉर्वेने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. एकोफिस्क क्षेत्र १९६९ साली सापडलं. दगड खडूचा, म्हणजे चुनखडकाच्याच कुळातला. छिद्रं भरपूर, पण पाझर अत्यंत कमी. सुरुवातीला त्यातलं जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा तेल निघेल असा अंदाज होता. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली आणि आता तिथल्या एकूण तेलापैकी निम्म्याच्या आसपास तेल मिळेल असा हिशोब मांडला जातो. समुद्राचंच पाणी त्या खडूत एवढं चांगलं का चाललं याचा रासायनिक उलगडा स्टाव्हांगर विद्यापीठात टोर ऑस्टाड यांच्या गटाने केला. पाण्यातलं सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दगडाला चिकटलेली तेलातली आम्लं सोडवतात, हे त्यांनी खडूचे लहान लहान प्लग घेऊन तापमान बदलत बदलत दाखवलं. विद्यापीठ स्टाव्हांगरला, नियामक संस्था स्टाव्हांगरला आणि कोअरचं भांडारही तिथेच. चालत जावं आणि दगड बघावा.

मुंबई हायमध्येही आपण वर्षानुवर्षं समुद्राचंच पाणी सोडत आलो आहोत. आपल्या चुनखडकात त्यातले आयन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे भारित कण, नेमकं काय करतात? मला हा प्रश्न विचारायचा नाही, मोजायचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. आमची मुलं संगणकावरचे प्रकल्प करतात तेव्हा बहुतेक जण नॉर्वेच्या व्होल्वे क्षेत्राची माहिती वापरतात. २०१८ साली इक्विनॉर कंपनीने बंद झालेल्या त्या क्षेत्राची जवळजवळ सगळी माहिती जगाला खुली केली. विहिरींचे लॉग म्हणजे खोलीनुसार मोजमापांचे आलेख, सिस्मिक म्हणजे कंपनलहरींनी घेतलेलं थरांचं चित्र, रोजचं उत्पादन, सगळं. पुण्यात बसलेल्या मुलांना व्होल्वेच्या विहिरींचे क्रमांक तोंडपाठ आहेत. मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण ज्या समुद्राचं वारं कोकणातल्या त्यांच्या गावांना लागतं, त्या समुद्रातल्या एकाही विहिरीचा आलेख त्यांनी पाहिलेला नसतो.

आपण २०१७ साली नॅशनल डेटा रिपॉझिटरी, म्हणजे देशातल्या तेलशोधाच्या माहितीचं भांडार, सुरू केलीत, ते मोठं पाऊल होतं. मात्र माहितीच्या फाइलींमध्ये पाणी सोडता येत नाही. दगड हवा. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग स्वतः कोअरची मोठी भांडारं चालवतो. ऑस्टिन, ह्यूस्टन आणि मिडलंड, अशी तीन. तेल कंपन्यांनी आपापले कोअर, इतकंच काय इमारतीही, त्यांच्या हवाली केल्या. मी तेवढं मागत नाही.

महाराष्ट्रात आज काय काय आहे ते जरा नकाशावर बघा. पनवेलला ओएनजीसीची उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था आहे, उरणला समुद्रातून येणारं तेल उतरतं, न्हाव्याहून प्लॅटफॉर्मकडे सामान जातं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे आणि पॉलिमर हा तिचा हातखंडा विषय, डॉ. रघुनाथ माशेलकरांचं स्वतःचं संशोधन पॉलिमरच्या प्रवाहावरचंच. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेलं आणि सर्फॅक्टंट यांचा स्वतंत्र विभाग आहे. आघारकर संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांवर पिढ्यान्‌पिढ्या काम चालू आहे, आणि दगडातलं तेल जिवाणूंच्या मदतीने सोडवण्याची कल्पना काही आता नवी राहिलेली नाही. तेल सोडवायला जे जे लागतं त्याचे जाणकार द्रुतगती मार्गाच्या दोन टोकांना बसलेले आहेत. त्या सगळ्यांना एका टेबलाभोवती आणणारी वस्तू मात्र नाही, आणि ती वस्तू म्हणजे तीन इंचांचा दगड. नुसत्या परिसंवादांनी माणसं एकत्र येत नाहीत. एकच प्लग चार जणांना हवा असला की येतात, हे मी पाहिलं आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही. मेहसाण्याजवळच्या बलोल आणि संथाल क्षेत्रांत जमिनीखालीच तेलाचा थोडा भाग जाळून उरलेलं जड तेल पातळ करण्याचं अत्यंत अवघड काम ओएनजीसीने करून दाखवलं, अहमदाबादच्या त्यांच्याच संस्थेतल्या प्रयोगांच्या आधाराने. बाडमेरच्या मंगला क्षेत्रात २०१४-१५ पासून पॉलिमर सोडलं जातं आहे आणि जगातल्या मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत त्याची गणना होते. तिथला दगड वालुकाश्म, पाझर चांगला. तो सोपा पेपर होता असं मी म्हणणार नाही, पण मुंबई हायचा पेपर त्याहून अवघड आहे. उष्ण, भेगाळलेला चुनखडक, वरून समुद्र, आणि रसायनाचा प्रत्येक पिंप जहाजाने न्यायचा. म्हणूनच प्रयोगशाळेत आधी शंभर वेळा चुकून घेतलं पाहिजे. तिथली चूक अडीच चमचे तेलाची असते.

गोपनीयतेचा मुद्दा येणार हे मला माहीत आहे. ती काळजी रास्त आहे, कोअर काढणं सोपंही नसतं आणि स्वस्तही नसतं. समुद्रात कोअर घ्यायचा तर सगळे पाइप बाहेर काढून पुन्हा आत सोडावे लागतात आणि रिगचं भाडं मिनिटामिनिटाने चालू असतं. पण म्हणूनच तो दगड पुरता वापरला जायला हवा. १९७४ साली सापडलेल्या क्षेत्राच्या पन्नास वर्षं जुन्या कोअरमध्ये आता कुणापासून काय लपवायचं आहे? विहिरीचं नाव झाकून द्या, अक्षांश-रेखांश देऊ नका, फक्त थर आणि खोली सांगा, करार करून घ्या, निबंध छापण्याआधी तपासायला मागा. हे सगळं आम्हाला मान्य आहे. आम्ही अखंड कोअर मागत नाही. प्लग कापून उरलेल्या कडा, तपासून झालेले जुने प्लग, पेट्यांमध्ये दुबार पडलेले तुकडे, एवढंच द्या. त्यातलं तेल वाळलं असेल तरी हरकत नाही, धुऊन पुन्हा मुरवायची विद्या आमच्याकडे आहे.

दुसरा आक्षेप मला विद्यार्थ्यांकडूनच येतो. विजेवरच्या गाड्या आल्या, मग तेल कशाला? माझं त्यांना सांगणं असतं की जे तेल आपण येती काही दशकं जाळणारच आहोत, ते नव्या जागी समुद्राचा तळ न फोडता जुन्या विहिरींतून मिळालं तर वाईट काय. आणि ज्या कोअर होल्डरमध्ये आज पाणी सोडतो, त्यातच उद्या कार्बन डायऑक्साइड सोडून तो दगडात किती टिकतो ते मोजायचं आहे. कोयलीच्या रिफायनरीतला वायू गंधार क्षेत्रात सोडण्याची योजना २०१९ पासून बोलली जाते आहे. उपकरण तेच, हात तेच, मुलं तीच.

आता धोरणाबद्दल. तेलाचा उतारा, म्हणजे साठ्यातल्या तेलापैकी वर येणारा भाग, वाढवण्याचं धोरण आपण ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलंत. प्रत्येक क्षेत्राची तपासणी नेमलेल्या संस्थांमार्फत व्हावी, जादा निघालेल्या तेलावर उपकराची सवलत मिळावी, हे त्यात आहे. मूळ साठ्याच्या ५ टक्के उतारा वाढला तर वीस वर्षांत १२ कोटी टन जादा तेल मिळेल, हा अंदाजही तेव्हाच मांडला गेला. धोरणाची मुदत दहा वर्षं, म्हणजे २०२८ पर्यंत. नव्या धोरणाचा मसुदा आज ना उद्या कुणाच्या तरी टेबलावर येईल. त्यात एक कलम घालावं ही माझी विनंती आहे. सवलत घेणाऱ्या प्रत्येक क्षेत्राने दरवर्षी ठरावीक संख्येने प्लग, ठरावीक लिटर कच्चं तेल आणि विहिरीतून येणाऱ्या पाण्याचा नमुना नोंदणीकृत विद्यापीठ प्रयोगशाळांना द्यावा, आणि अर्जाचा निर्णय साठ दिवसांत व्हावा. साठ दिवस मी अंदाजाने म्हटलेले नाहीत. एम. टेक.च्या मुलाकडे प्रकल्पाला साधारण दहा-अकरा महिने असतात, त्यातले दोन गेले तरी मुरवायला आणि मोजायला वेळ उरतो. चार गेले तर उरत नाही.

पैशाचं थोडक्यात लिहिते. ब्राझीलमध्ये १९९७ च्या पेट्रोलियम कायद्यानंतरच्या करारांत अट आहे की भरपूर उत्पादन देणाऱ्या मोठ्या क्षेत्रांनी एकूण महसुलाचा १ टक्का संशोधनावर खर्च करायचा, आणि त्यातला मोठा वाटा विद्यापीठं व संशोधन संस्थांकडे जातो. आपल्याकडे तेल उद्योग विकासासाठीचा कायदा १९७४ चा, म्हणजे मुंबई हाय सापडलं त्याच सालचा, आणि त्याखाली मुंबई हायसारख्या क्षेत्रांच्या कच्च्या तेलावर २०१६ पासून मूल्याच्या २० टक्के उपकर घेतला जातो. त्यातला लहानसा भाग प्रयोगशाळांचे पंप, ओव्हन आणि जनरेटर यांच्यासाठी बाजूला काढता येईल का, हे आपण ठरवावं. ते व्हायला वेळ लागणार असेल तर लागू दे. दगडाला निधी लागत नाही, तेवढं आधी करा.

आमच्यापुरती मागणी वर्षाला वीस-पंचवीस प्लग, वीस लिटर तेल आणि तेवढंच पाणी. ज्या अन्य राज्यांत हा विषय शिकवला जातो तिथल्या प्रयोगशाळांनाही असंच मिळावं. धनबादला, दिब्रुगडला, गांधीनगरला, देहरादूनला, त्यांना त्यांच्या जवळच्या क्षेत्रांचा दगड. आसाममधल्या मुलीने आसामचा वालुकाश्म हाताळावा, राजस्थानातल्या मुलाने बाडमेरचा. मोजून झालेले सगळे आकडे, फसलेल्या प्रयोगांसकट, आम्ही दर वर्षाअखेर आपल्या डेटा रिपॉझिटरीत भरू. फसलेले प्रयोग कुणी छापत नाही, पण कुठलं रसायन आपल्या दगडावर चालत नाही हे पुढच्याला कळणं तितकंच गरजेचं आहे.

पेट्या आम्ही बनवून ठेवल्या आहेत. आमच्या मामांनी सागाच्या फळ्यांच्या केल्या आहेत, आत फोमचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर क्रमांक. पनवेल, उरण किंवा आपण सांगाल तिथे टेम्पो घेऊन यायला आम्ही तयार आहोत, वाहतुकीचा खर्च आमचा. सकाळी निघालो तर दुपारपर्यंत दगड पुण्यात पोचतील, आणि त्याच रात्री पहिले चार सॉक्सलेटला लागतील.

आपली विश्वासू,
पेट्रोलियम इंजिनिअरिंगची एक शिक्षिका, पुणे